प्लाझ्मोडियम: एकच पेशी की पेशींचा जमाव?

मृगसरी (प्रश्न)

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या पुस्तकात स्लाइम मोल्डविषयी, म्हणजे ओलसर जागी वाढणाऱ्या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवांविषयी, जेमतेम एक परिच्छेद आहे. अनुकूल परिस्थितीत हे जीव एकत्र जमतात, त्या जमावाला प्लाझ्मोडियम म्हणतात आणि तो काही फुटांपर्यंत पसरू शकतो, असे त्यात लिहिले आहे. यंदा एका विद्यार्थिनीने वर्गातच विचारले, की पेशी जमून प्लाझ्मोडियम होत असेल, तर त्या पेशींची पटले, म्हणजे प्रत्येक पेशीभोवतीची आवरणे, जातात कुठे? पदवीच्या पुस्तकांत मात्र प्लाझ्मोडियम ही असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असल्याचे ठामपणे म्हटलेले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नाही, एवढे मला कळते. परंतु त्यांतले खरे कोणते आणि ते सिद्ध कसे झाले, हे मला नीट सांगता आले नाही.

मुलांना हे दाखवायची संधीही हाताशी आहे. पावसाळ्यात आमच्या भागात कुजक्या ओंडक्यांवर हळदीच्या रंगाचा, ओलसर, जाळीदार थर दिसतो आणि तो सकाळी एका जागी तर संध्याकाळी वीतभर पुढे सरकलेला असतो. ती एकच पेशी असेल, तर तिच्यात इतकी केंद्रके येतात कुठून, ती आपापल्या वेळेला विभागतात की सगळी एकदम, आणि स्नायू नसताना एवढा मोठा पसारा हलतो कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अणुरेणू

आपल्या विद्यार्थिनीने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. स्लाइम मोल्ड या एका नावाखाली दोन निराळे गट येतात. एका गटात खरोखरच एकच पेशी प्रचंड वाढते, तर दुसऱ्या गटात हजारो स्वतंत्र पेशी एकत्र येतात. पुस्तकातील वाक्यात दुसऱ्या गटाची कृती पहिल्या गटाच्या माथी मारली गेली आहे. मी पहिल्या गटाविषयी लिहितो आणि त्यासाठी फायसॅरम पॉलिसेफॅलम या पिवळ्या जातीचा आधार घेतो, कारण प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यास तिचाच झाला आहे.

तिचा बीजाणू एकगुणी, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेला, असतो. ओल मिळाली की त्याचे कवच फुटून एक पेशी बाहेर येते. जमीन नुसती दमट असेल तर ही पेशी अमीबासारखी सरपटते. भोवती पाणी साचले तर थोड्याच वेळात तिला कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे धागे, फुटतात आणि ती पोहू लागते. पाणी ओसरले की कशाभिका आत ओढून घेऊन ती पुन्हा सरपटू लागते. पोहणाऱ्या रूपात पेशीविभाजन होत नाही, त्यामुळे संख्या वाढवायची तर तिला अमीबाच्या रूपातच यावे लागते. हे अमीबा जिवाणू खाऊन जगतात आणि चारचौघांसारखेच विभागतात: केंद्रकाची दोन केंद्रके होतात आणि पेशीच्याही दोन पेशी होतात. अगदीच कोरडे पडले, तर प्रत्येक अमीबा स्वतःभोवती कवच करून पडून राहतो.

पुढची पायरी म्हणजे मीलन. दोन अमीबा एकमेकांत मिसळतात, पण ते भिन्न प्रकारचे असावे लागतात. हा प्रकार ठरवणाऱ्या जनुकस्थानांपैकी मुख्य असलेल्या ‘मॅट-ए’ या स्थानाची अनेक रूपे निसर्गात आढळतात, म्हणून येथे नर आणि मादी अशी दोनच खाती नसून जोडीदारांचे कितीतरी प्रकार असतात. मीलनातून द्विगुणी युग्मनज, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली जोडपेशी, तयार होतो. येथपर्यंत सारे ओळखीचे आहे, विलक्षण गोष्ट यापुढे घडते. युग्मनजाचे केंद्रक विभागते, परंतु पेशी विभागत नाही. दोनाची चार, चाराची आठ, आठाची सोळा अशी केंद्रके वाढत जातात, त्यांच्याबरोबर पेशीद्रव्य वाढते, आणि या सगळ्याभोवतीचे पटल मात्र अखेरपर्यंत एकच राहते. तळहाताएवढ्या प्लाझ्मोडियममध्ये कोट्यवधी केंद्रके असतात, ती अशी वाढलेली असतात.

हे सिद्ध कसे झाले, याला उत्तम पुरावा आहे. फायसॅरमचे काही उत्परिवर्तित वाण असे आहेत की त्यांतील एकटा अमीबा कोणाशीही मीलन न करता थेट प्लाझ्मोडियम होऊ शकतो. अशा अमीबांचे सूक्ष्मदर्शकाखाली सलग चित्रीकरण केले, तेव्हा एका केंद्रकाची पेशी नेहमीपेक्षा लांबलेल्या पेशीचक्रानंतर दोन केंद्रकांची होते आणि तिच्या दोन पेशी होत नाहीत, हे प्रत्यक्ष दिसले. तेथे जमाव नव्हताच, तरीही प्लाझ्मोडियम झाले. विद्यार्थिनीला हे उदाहरण अवश्य सांगावे.

अमीबा आणि प्लाझ्मोडियम यांचे जनुकसंच सारखेच, तरी त्यांची विभाजनाची रीतही बदलते. अमीबात सूत्री विभाजनाच्या (केंद्रकाची दोन सारखी केंद्रके होण्याच्या) वेळी केंद्रकपटल विरघळते आणि तारककेंद्रे (गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंची टोके धरणारे कण) टोकांना जातात, जसे आपल्या पेशींत होते. प्लाझ्मोडियममध्ये केंद्रकपटल शाबूत राहते, तारककेंद्रे नसतात आणि गुणसूत्रांची ओढाताण केंद्रकाच्या आतच उरकते. एकाच जीवाच्या एका अवस्थेत उघडे आणि दुसऱ्या अवस्थेत बंद विभाजन व्हावे, ही गोष्ट मला, फायसॅरमने चक्रव्यूहातून अन्नापर्यंतची जवळची वाट शोधल्याच्या गाजलेल्या प्रयोगाहूनही अधिक थक्क करणारी वाटते.

आता केंद्रकांच्या वेळापत्रकाविषयी. ती सगळी एकदम विभागतात. चांगले पोषण मिळत असेल तर साधारण आठ ते दहा तासांनी प्लाझ्मोडियममधील यच्चयावत केंद्रके काही मिनिटांच्या आत एकाच वेळी विभाजनात शिरतात. विभाजन संपताच लगेच डीएनएची नक्कल सुरू होते, मधला विसाव्याचा टप्पा तेथे नसतो. या शिस्तीमुळेच अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कर्करोगावर संशोधन करणाऱ्या हॅरॉल्ड रश यांनी हा जीव हाताशी धरला. पेशीचक्राच्या अमुक क्षणी पेशीत काय चालले आहे हे मोजायचे, तर एरवी लाखो पेशी कृत्रिम उपायांनी एका लयीत आणाव्या लागतात. येथे ती लय आयतीच मिळत होती.

त्यांच्या गटाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा पण निर्णायक आहे. विभाजनाच्या जवळ आलेले प्लाझ्मोडियम आणि विभाजनाला अजून बराच अवकाश असलेले प्लाझ्मोडियम त्यांनी एकमेकांत मिसळू दिले. पुढारलेली केंद्रके थांबली, मागे असलेली घाईस लागली आणि दोन्ही गटांनी मधलीच वेळ गाठून एकत्र विभाजन केले. याचा अर्थ, विभाजन केव्हा करायचे हे प्रत्येक केंद्रक स्वतंत्रपणे ठरवत नाही. भोवतीच्या सामाईक पेशीद्रव्यात काहीतरी साठत जाते आणि त्याची पातळी पुरेशी झाली की सर्वांना एकदम हुकूम मिळतो. पेशीद्रव्य सतत घुसळले जात असल्याने तो हुकूम कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचतो.

ही घुसळण म्हणजेच आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली प्लाझ्मोडियमची एखादी शीर पाहिली, तर कडेचा भाग थिजलेला आणि मधला भाग वेगाने वाहत असलेला दिसतो. त्या प्रवाहात पिवळे कण, केंद्रके, अन्नाने भरलेल्या रिक्तिका (पेशीतल्या लहान पिशव्या) असे सारे काही एका दिशेने धावत असते. साधारण मिनिटभरात प्रवाह मंदावतो, क्षणभर सगळे जागच्या जागी थबकते, आणि मग तेच कण उलट दिशेने धावू लागतात. वेग सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि पेशीच्या अंतर्गत हालचालीच्या मानाने तो अफाट आहे. शिरेच्या कडेच्या थिजलेल्या थरात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ते आळीपाळीने आकसतात आणि सैल पडतात, त्या दाबाने आतले द्रव्य पुढे-मागे ढकलले जाते. कॅल्शियमची पातळीही त्याच ठेक्यावर वर-खाली होते. ज्या दिशेला अन्न असेल त्या दिशेची येरझार थोडी लांब आणि परतीची थोडी आखूड होते. या फरकाच्या जोरावर सबंध पसारा पुढे सरकतो. ॲक्टिन म्हणजे स्नायूंचे प्रथिन अशीच समजूत असताना, जपानच्या हातानो आणि ओओसावा यांनी १९६६ मध्ये ते फायसॅरममधून शुद्ध स्वरूपात वेगळे करून दाखवले. स्नायू नसलेल्या जीवातून ॲक्टिन मिळवण्याची ती पहिली वेळ होती.

पाणकणीस

अणुरेणू यांनी पहिल्या गटाविषयी लिहिले आहेच. दुसऱ्या गटाविषयी लिहिताना मला जुन्या संशोधनाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकात झाली तशीच, पण उलट बाजूने, गफलत त्या काळी झाली होती.

१८५९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी प्लाझ्मोडियम बनवणाऱ्या जातींचे जीवनचक्र मांडले आणि त्यांच्या बीजाणूंतून अमीबा निघतात म्हणून त्यांना बुरशीपासून वेगळे काढले. दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, ऑस्कर ब्रेफेल्ड यांना डिक्टिओस्टेलियम हा जीव सापडला. त्याचे अमीबा एका ठिकाणी गोळा होतात आणि त्यातून नाजूक देठावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो, हे त्यांनी पाहिले. प्लाझ्मोडियमची कल्पना ताजी असल्यामुळे येथेही अमीबा एकमेकांत विरघळून एकच पेशी होत असणार, असे त्यांनी गृहीत धरले. १८८० मध्ये फिलिप व्हान तिएगेम यांनी दाखवून दिले, की हे अमीबा एकमेकांना चिकटतात खरे, पण प्रत्येकाचे पटल शाबूत असते आणि प्रत्येक जण शेवटपर्यंत स्वतंत्र पेशी म्हणून राहतो. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न, म्हणजे पटले जातात कुठे, तो मूळचा येथला आहे. आणि येथे ती कुठेच जात नाहीत, हे त्याचे उत्तर आहे.

आज डिक्टिओस्टेलियम म्हटले की डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम ही जात समोर येते. ती केनेथ रेपर यांना १९३३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलातील पालापाचोळ्यात सापडली. तिचे एकगुणी अमीबा मातीतले जिवाणू खातात. जिवाणू फोलिक आम्ल सोडतात, त्याच्या मागावर ते भक्ष्यापर्यंत पोहोचतात. जिवाणू संपले आणि उपासमार सुरू झाली, की काही अमीबा सायक्लिक एएमपी या रेणूचे ठोके सोडू लागतात, साधारण दर सहा मिनिटांना एक. ज्या अमीबापर्यंत हा रेणू पोहोचतो तो तीन कामे करतो. तो उगमाच्या दिशेने सरकतो, स्वतःही तोच रेणू सोडून निरोप पुढच्याला देतो, आणि काही वेळ नव्या निरोपाला बधिर होतो. ही बधिरता फार महत्त्वाची आहे. ती नसती तर निरोप मागे परतला असता आणि अमीबांना कुठे जायचे हेच कळले नसते. शिवाय अमीबा एक विकरही (एन्झाइम) बाहेर सोडतात, जे वापरून झालेला सायक्लिक एएमपी मोडून टाकते, म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पाटी कोरी होते. अंधारक्षेत्री प्रकाशयोजनेत (काळ्या पार्श्वभूमीवर तिरका उजेड टाकून) या लाटा आगरच्या, म्हणजे जीव वाढवण्यासाठी वापरतात त्या जेलीच्या, पृष्ठभागावर वर्तुळांच्या आणि सर्पिलांच्या रूपात सरकताना चक्क डोळ्यांना दिसतात.

असा काही रेणू असला पाहिजे हे जॉन बॉनर यांनी १९४७ मध्ये वाहत्या पाण्याच्या प्रयोगाने दाखवले होते: प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या अमीबांनाच केंद्राचा सुगावा लागत होता, वरच्या अंगाच्यांना नाही. तो रेणू सायक्लिक एएमपी आहे, हे कळायला १९६७ साल उजाडले.

जमलेल्या पुंजात एक लाखापर्यंत पेशी असतात. त्यांचा दोन-चार मिलिमीटर लांबीचा ‘स्लग’ तयार होतो आणि तो उजेड व ऊब यांच्या दिशेने सरपटत जातो. एकूण पेशींपैकी पुढच्या भागातील सुमारे वीस टक्के पेशी देठाच्या, तर उरलेल्या बीजाणूंच्या वाट्याच्या असतात. योग्य जागा मिळाली की पुढच्या पेशी सेल्युलोजच्या नळीत शिरतात, रिक्तिकांनी फुगतात आणि मरतात. त्यांच्या मृत देहांच्या देठावरून मागच्या पेशी वर चढून बीजाणू होतात. उपासमारीपासून येथवर सारे चोवीस तासांत आटोपते. एकाच पेशीच्या पोटी जन्मलेल्या नसलेल्या पेशींनी एकमेकींसाठी मरावे, हा उत्क्रांतीच्या अभ्यासातला मोठा प्रश्न आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी डिक्टिओस्टेलियमवर दीर्घकाळ काम केले, त्यात या प्रश्नाला मोठे स्थान होते.

या साऱ्यात मीलन कुठेच नाही, हे लक्षात घ्यावे. जमणे ही येथे निर्लैंगिक प्रक्रिया आहे. लैंगिक चक्र वेगळे असते: अंधार आणि भरपूर पाणी असताना भिन्न प्रकारचे दोन अमीबा मिसळून एक युग्मनज होतो, आणि तो भोवताली जमलेल्या आपल्याच जातीच्या अमीबांना गिळून जाड कवचात बंद होतो.

मृगसरी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले. वर्गात दोन्ही जीवनचक्रे फळ्यावर शेजारी-शेजारी काढीन. दोन शंका उरल्या आहेत. अणुरेणू यांनी दोन प्लाझ्मोडियम एकमेकांत मिसळल्याचा प्रयोग सांगितला. तसे ते निसर्गातही मिसळत असतील, तर ‘एकत्र जमणे’ थोडे तरी खरे मानावे का? आणि फायसॅरममध्ये अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, नेमके कधी होते? शिवाय मुलांना यातले काही प्रत्यक्ष दाखवता येईल का?

देवराई

पहिल्या शंकेत तथ्य आहे आणि वरच्या उत्तरात हा मुद्दा पुरेसा आलेला नाही. एकाच जातीची आणि ठरावीक जनुकस्थानांवर जुळणारी दोन प्लाझ्मोडियम समोरासमोर आली, तर त्यांची पटले जोडली जातात, शिरा एकमेकींत उघडतात आणि थोड्याच वेळात दोघांचे पेशीद्रव्य एकत्र वाहू लागते. कोवळे युग्मनजही असे मिसळतात. म्हणून ओंडक्यावरचा मोठा पिवळा पसारा एकाच युग्मनजापासून झाला असेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मिसळल्यानंतरही पटल एकच राहते आणि ती एकच पेशी असते. ही मिसळण नसली, तरी प्लाझ्मोडियम एकट्या युग्मनजापासून होतेच. म्हणून जमणे हे त्याच्या उत्पत्तीचे कारण मानता येणार नाही. जनुके जुळत नसतील तर दोन्ही प्लाझ्मोडियम एकमेकांना टाळतात, किंवा मिसळल्यावर एकाची केंद्रके नष्ट होतात. परक्याला ओळखण्याची ही व्यवस्था एका पेशीच्या जीवात असावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

दुसरी शंका. अन्न संपले आणि हवा कोरडी झाली, की प्लाझ्मोडियम आपल्या पेशीद्रव्याचे लहान लहान कवचबंद भाग पाडते, प्रत्येकात थोडी केंद्रके असतात, आणि सगळे मिळून एक टणक खपली होते. तिला स्क्लेरोशियम म्हणतात. ती सुक्या कागदावर वर्षानुवर्षे टिकते आणि ओल मिळताच पुन्हा वाहू लागते. या अवस्थेत अर्धगुणसूत्री विभाजन नसते. ओल आहे पण अन्न नाही, अशी स्थिती काही दिवस राहिली आणि त्यात उजेड मिळाला, तर फायसॅरम दुसरा मार्ग धरते. पसारा गाठींमध्ये गोळा होतो, प्रत्येक गाठीतून देठ वर येतो आणि त्यावर बीजाणुधानी धरते. एकदा हा निर्णय झाला, की नंतर अन्न दिले तरी ते माघारी फिरत नाही. बीजाणुधानीत केंद्रके आणखी एकदा सूत्री पद्धतीने विभागतात, मग पेशीद्रव्याचे तुकडे पडून प्रत्येक तुकडा एका केंद्रकासह बीजाणू होतो. अर्धगुणसूत्री विभाजन त्यानंतर, बीजाणूच्या आत होते. त्यातून होणाऱ्या चार केंद्रकांपैकी तीन नष्ट होतात आणि एकच उरते. जीवनचक्राच्या अनेक आकृत्यांत अर्धगुणसूत्री विभाजन बीजाणू तयार होण्याच्या आधी दाखवतात, तेव्हा फळ्यावर काढताना तेवढे सांभाळावे.

प्रत्यक्ष दाखवण्यासाठी ओंडक्यावरचे पिवळे प्लाझ्मोडियम सालीच्या लहान तुकड्यासह उचलून आणावे. आपण वर्णन केलेला थर बहुधा फुलिगो सेप्टिका या जातीचा असावा. बीजाणू धरायच्या वेळी त्याची उशीसारखी ठिसूळ वडी होते, म्हणून ओला आणि जाळीदार असतानाच घ्यावा. पेट्री डिशमध्ये साध्या पाण्यात केलेल्या आगरचा पातळ थर द्यावा, त्यावर हा तुकडा आणि शेजारी दोन-तीन ओटचे दाणे ठेवावेत, आणि डिश काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी. रानातून आणलेल्या जाती प्रयोगशाळेतल्या फायसॅरमइतक्या सहज रुळत नाहीत, तरी शिरांमधला प्रवाह दिसण्यापुरत्या त्या बहुतेक वेळा जगतात. बुरशी आली की प्लाझ्मोडियमची पुढची, पंख्यासारखी कड आगरसकट कापून नव्या डिशमध्ये हलवावी. प्रवाह पाहताना डिश उघडू नये. ती तशीच उलटी धरून कमी शक्तीच्या भिंगाखाली ठेवली, म्हणजे पातळ आगरमधून शिरा स्पष्ट दिसतात. दिवा मंद ठेवावा, कारण प्रखर उजेडात प्लाझ्मोडियम आक्रसते. मुलांना घड्याळ लावून प्रवाह उलटण्याची वेळ टिपायला सांगावी, आणि डिश थोडी गार व थोडी ऊबदार असताना त्या वेळेत पडणारा फरकही त्यांनीच मोजावा.

ओंडका सापडला नाही, तर जिवंत झाडाच्या सालीचे कोरडे तुकडे डिशमध्ये ओल्या गाळणकागदावर ठेवून, रात्रभर पाण्यात भिजू देऊन, सकाळी जास्तीचे पाणी ओतून टाकावे. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अधूनमधून भिंगातून पाहत राहिल्यास सालीवरच्या सुप्त बीजाणूंतून उगवलेल्या टाचणीच्या डोक्याहून लहान बीजाणुधान्या बरेचदा सापडतात. त्यांचा रंग, देठ आणि आतले तंतू मुलांनी वहीत काढून ठेवावेत. जाती ओळखण्याचे काम पुढे त्यावरूनच होते.